"पळून का नाही गेली?"

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या रविवारी पुरवणीत त्या लग्नावरच्या भयकादंबरीबद्दल वाचकांची पत्रं आली होती, ती वाचली आणि राहवेना म्हणून लिहितेय. मी पुस्तक दोन रात्रीत संपवलं, लाइट चालू ठेवून. आमचे हे कूलरसमोर घोरत पडलेले, तर त्यांच्याकडे बघून पण मधेच दचकायला होत होतं.

एका काकांचं म्हणणं, लग्नसंस्थेची बदनामी चाललीय. अहो काका, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ते बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, तेच मुळी विधवांच्या हालांवर आहे, आता बोला. कॉलेजच्या पोरी लिहितात, नवरा असावा तर असा. त्यांना मी रागावणार नाही, लेखिकेने त्याला मुद्दाम तसाच रंगवलाय, आवाज म्हणून कधी चढवत नाही, रोज गजरा आणतो, आणि मग ही दुसरी बायको एक दिवस कपाट उघडते तर पहिलीचे ब्लाउज, घालून बघते तर अगदी हिच्याच मापाचे, टाका पण घालायला नको. माय वं! तिथे मी पुस्तक पालथं ठेवून आधी पाणी प्याले.

पण निम्म्या पत्रांत एकच प्रश्न, ती पळून का नाही गेली? फ्रान्समधल्या शार्ल पेरोची निळ्या दाढीच्या नवऱ्याची गोष्ट आहे, १६९७ ची, त्यात सगळ्या चाव्या बायकोच्या हातात देतो फक्त एक खोली उघडायची नाही म्हणतो, आणि त्या खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं. तिथे निदान शेवटी भाऊ घोड्यावरून येतात आणि बहिणीला सोडवतात. आमच्याकडे पण भाऊ येतो, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून, आणि सण झाला की तोच परत नेऊन घालतो.

माझी फुई, म्हणजे आत्या, दरवर्षी यायची. गौराईची गाणी, निंबाच्या झाडाला झोका, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सगळं करायची, झोक्यावर तर सगळ्यात उंच तीच. जायच्या दिवशी मात्र पोळ्यांचं फडकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहायची आणि संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेली की म्हणायची, अरे, चुकली वाटतं. स्टँड घरासमोरच होता. एका वर्षी दोनदा चुकली. आजोबा काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला स्वतः जाऊन बसवून आले.

आपली,
एक वाचक, अमळनेर