परवानगी दिली, परत कोण घेणार?

मा. संपादक,

क्लाउडवरील माहितीच्या सुरक्षेचा विषय निघाला की बाहेरून घुसणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण घरच्याच माणसांना डेटाबेसमध्ये प्रवेश कोण देतो, कशाच्या आधारे देतो आणि काम संपल्यावर तो काढून कोण घेतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. पुण्यात डेटाबेस प्रशासक म्हणून अनेक वर्षे काम करताना जे पाहिले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या एका जुन्या नोकरीत परवानगीची रीत अशी होती की अभियंत्याने ई-मेलवर विनंती करायची, व्यवस्थापकाने ‘अप्रूव्ह्ड’ एवढा एक शब्द पाठवायचा आणि आम्ही हाताने ॲक्सेस द्यायचा. रात्री काही अडले तर तोच शब्द व्हॉट्सॲपवर येई. एकदा प्रॉडक्शनवरील, म्हणजे ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरातील प्रणालीवरील, खाती तपासायला घेतली, तेव्हा नोकरी सोडून दीड वर्ष झालेल्या एका सहकाऱ्याचे खाते चालू सापडले. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक असलेले टेबल त्या खात्यावरून वाचताही येत होते आणि बदलताही येत होते. जुना मेल शोधला, तर त्यात ‘फक्त दोन दिवसांसाठी’ असे स्वच्छ लिहिले होते. तिसऱ्या दिवशी ती परवानगी काढायची, हे मात्र कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते.

परवानगीची प्रक्रिया स्वयंचलित करावी असे मी म्हणतो, ते या तिसऱ्या दिवसासाठी. अर्ज करताना कोणता डेटाबेस, वाचायचा की बदलायचा, किती वेळ आणि कोणत्या तिकिटासाठी, म्हणजे नोंदवलेल्या कोणत्या कामासाठी, हे नोंदवल्याशिवाय अर्ज पुढेच जाऊ नये. नावे व क्रमांक झाकलेली माहिती नुसती पाहायची असेल आणि अर्जदार त्या दिवशी ड्युटीवर असेल, तर प्रणालीने नियम तपासून तत्काळ होकार द्यावा. खऱ्या ग्राहकांची माहिती बदलायची असेल, तर अर्ज त्या माहितीची जबाबदारी असलेल्या माणसाकडेच जावा, आणि स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येऊ नये. मुदत संपली की ॲक्सेस आपोआप गेला पाहिजे. इथे कोणाच्या आठवणीवर विसंबणे नको.

यंत्राच्या हाती होकार देणे धोक्याचे आहे, असा आक्षेप माझे ज्येष्ठ सहकारी घेतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण दिवसाला चाळीस मेल पाहणारा माणूस एकेक अर्ज वाचून निर्णय घेतो, हे मला अनुभवाने पटत नाही. २०२२ मध्ये उबर कंपनीत हल्लेखोराने एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिन मंजुरीच्या सूचनांचा मारा केला आणि शेवटी त्या कर्मचाऱ्याने एक मंजूर केली. माणसापुढे मोजकेच आणि खरोखर महत्त्वाचे अर्ज आले, तरच तो ते नीट वाचेल.

तांत्रिक बाजूही वरवर पाहून चालत नाही. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेत पासवर्डऐवजी १५ मिनिटांचे टोकन, म्हणजे तात्पुरता सांकेतिक परवाना, वापरता येते, पण ती मुदत फक्त जोडणी करण्यापुरती असते. एकदा झालेली जोडणी त्यानंतरही चालू राहते. म्हणून मुदत संपताच चालू सत्रही तोडण्याची सोय करावी लागते. त्याचप्रमाणे मध्यरात्री प्रणाली बंद पडली आणि मंजुरी देणारा भेटला नाही, तर त्यासाठी आणीबाणीचा एक वेगळा मार्ग हवा. तो वापरताच सर्व संबंधितांना कळावे आणि दुसऱ्या दिवशी कारण लेखी मागितले जावे. असा मार्ग नसेल, तर मंडळी एकच पासवर्ड आपापसांत वाटून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत माहितीवरील प्रवेशाचे नियंत्रण व नोंदी ठेवणेही अपेक्षित आहे. मेल आणि व्हॉट्सॲपवरचे होकार वर्षभरानंतर पुरावा म्हणून कसे गोळा करणार?

सरकारी खाती, महापालिका आणि सहकारी बँका आपल्या नागरिकांची व खातेदारांची माहिती क्लाउडवर नेत आहेत. त्यांनी निविदेतच एक अट घालावी: गेल्या नव्वद दिवसांत आमच्या डेटाबेसमध्ये कोण गेले, कोणाच्या मंजुरीने गेले आणि तो प्रवेश केव्हा बंद झाला, ही यादी मागितल्या दिवशी मिळाली पाहिजे.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे