बाबा, बागेतला नळ बंद करू नका

शिकागो, 14 एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

आम्ही तिघंही मजेत आहोत. ओवीचा खोकला पूर्ण गेला. आई, त्याची काळजी आता सोड.

बाबा, तुमच्या इकडे राहायला येण्याचा विषय निघाला तेव्हा परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुम्ही दोघं कामावर गेल्यावर आम्ही चार भिंतींत बसून करायचं काय?" तेव्हा ओवी मधे बोलत होती आणि उत्तर अर्धवट राहिलं. म्हणून नीट लिहितो. चार भिंतींत बसावं लागणार नाही.

घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर इंडियन बाउंड्री पार्क आहे. साधारण 13 एकरांची बाग, मोठी जुनी झाडं, मधे लहानसं तळं. नावातलं 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे. 1816 साली पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवाशांशी सरकारने तह केला. त्यात ठरलेली हद्द याच जमिनीतून जात होती. पुढे 1833 च्या तहाने त्या लोकांना हा मुलूखच सोडावा लागला आणि हद्दीचं नाव तेवढं बागेला उरलं. आपली किराण्याची दुकानं डेव्हन अव्हेन्यूवर आहेत, बागेपासून सव्वा किलोमीटर दक्षिणेला. मेथी, कोथिंबीर, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं, तेव्हा आई, बॅगेत पीठ भरू नकोस.

बागेतच 1929 सालची जुन्या इंग्रजी धाटणीची इमारत आहे. तिला फील्डहाउस म्हणतात. आपल्या समाजमंदिरात वाचनालय आणि तालीम एकत्र आणली तर जे होईल, ते. ही पद्धत शिकागोतच रुजली. 1905 साली दक्षिणेकडच्या कामगार वस्त्यांत पहिली फील्डहाउसं उघडली, तेव्हा त्यांत अंघोळीचीसुद्धा सोय होती. आपल्या इथल्या इमारतीला 2012 साली आग लागली होती, पण दुरुस्ती चांगली झाली आहे. आत जायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. बाथरूम आत आहे, म्हणून गेल्यागेल्या दार उघडं आहे का ते बघून ठेवायचं. बाग सकाळी 6 ते रात्री 11 उघडी असते, पण फील्डहाउसची वेळ वेगळी आणि शनिवार-रविवारी त्याहून कमी. लोक फसतात ते इथेच. वर्गांना मात्र आधी नाव घालावं लागतं. नोंदणी ऑनलाइन होते आणि चांगल्या वर्गांच्या जागा लगेच संपतात, तेव्हा तुमची नावं मी इथूनच घालतो.

आई, बागेतली फुलं पूजेला तोडायची नाहीत, खाली पडलेली उचललीस तर चालेल. बदकांना पोळी घालायची नाही. त्यांना ती पचत नाही आणि पाणीही घाण होतं.

आता मुख्य गोष्ट. बाबा, इथल्या बागांमधे पाणी प्यायचे नळ असतात, कमरेइतक्या उंचीचे. त्यांतले कितीतरी उन्हाळाभर रात्रंदिवस वाहत असतात. तोटी नाही, बटण नाही, पाणी सरळ गटारात. आटपाडीत टँकरची वाट बघितलेल्या माणसाचा जीव ते बघून तुटेल, हे मला माहीत आहे. पण तो नळ बिघडलेला नसतो. मुद्दाम सोडलेला असतो.

कारण शिसं. पाणी येतं मिशिगन सरोवराचं, आणि शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते चांगलंच असतं. पण या शहरात 1986 पर्यंत रस्त्यापासून घरापर्यंतची नळी शिशाचीच घालायचा नियम होता. अशा सुमारे 4 लाख नळ्या अजून जमिनीत आहेत. पाण्यात फॉस्फेट घालतात, त्याचा आतून थर बसतो आणि शिसं बरंचसं अडतं. मात्र पाणी नळीत तासन्‌तास थांबून राहिलं की शिसं त्यात उतरतं. बागेतल्या नळांना जोडण्या जुन्या आणि नळ्या लांब, त्यात पाणी पिणारे थोडे. 2016 साली तपासणी झाली तेव्हा शेकडो नळांत शिसं मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला 15 मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. मग पाणी थांबूच द्यायचं नाही, असं ठरलं. सगळ्या नळ्या बदलणं हाच खरा उपाय आहे आणि तो व्हायला हवा. एवढं गोडं पाणी वाहून जाणं मलाही पटत नाही.

आता लगेच "मग ओवीला कसलं पाणी पाजता?" असं म्हणू नका. घरी शिशासाठी प्रमाणित केलेला फिल्टर आहे आणि त्याचं काडतूस ठरलेल्या मुदतीला बदलतो. मुदत उलटली की तो नुसता शोभेचा. प्यायला आणि स्वयंपाकाला फक्त गार पाण्याचा नळ, कारण गरम पाण्यात शिसं जास्त विरघळतं. सहा तास नळ उघडला नसेल तर पाच मिनिटं वाहू द्यायचा. आई, तू पाणी उकळशील, पण उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. बागेत जाताना घरची बाटली न्यायची, म्हणजे प्रश्नच मिटला.

जूनमधे इथे साडेआठपर्यंत उजेड असतो. आम्ही कामावरून आलो की सगळे बागेत बसू. बाबांच्या गुडघ्याला रस्ता सपाट आहे.

शुभूच्या लग्नाच्या हॉलचे 1,50,000 रुपये काल पाठवले. दोन-तीन दिवसांत खात्यावर दिसतील. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी ओटीपी मागितला तर सांगू नका. केटररला सगळी रक्कम आत्ताच देऊ नका, तिसरा हिस्सा पुरे. साखरपुड्याला मी नव्हतो, पाहुण्यांनी विचारलं असेल आणि तुम्हीच सांभाळून घेतलं असेल. मार्गशीर्षात दहा दिवसांची रजा मंजूर झाली आहे, पण हळदीच्या आदल्या रात्रीच पोचेन. मांडवाची धावपळ पुन्हा बाबांवरच येणार. शंकरकाकांच्या मुलाला मी आजच फोन करून सांगतो.

आई, पाटल्या मोडू नकोस. शुभूच्या सोन्याचं मी बघतो.

तुमचा,
संदीप

ता. क. बाबांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि हातातल्या बॅगेत ठेवा.