कॉमिक्समधल्या बायका चाळिशी गाठतच नाहीत

महोदय,
सुपरहिरो कॉमिक्समधली बाई एकतर पंचविशीची, नाहीतर थेट सत्तरीची. घोळ रेखाटनात आहे. साधं माणूस स्वतःच्या डोक्याच्या मापाने साधारण साडेसात डोकी उंच, नायिका मात्र आठ-साडेआठ, कंबर मुठीएवढी. चेहऱ्यावर शाईची एक रेघ जास्त पडली की वय वीस वर्षं उडी मारतं, म्हणून चेहरा कोराच ठेवतात. खरं तर वय दाखवायचं ते हनुवटीखाली, मानेत, खांद्यांच्या उतारात, रुंदावलेल्या कमरेत. डोळ्यांखाली एक तुटक रेघ पुरे. १९४० मध्ये डोक्यावर पातेलं घालून लढणारी जाडजूड कॉमिक्स-नायिका मा हंकेल छापली गेलीच होती की! आणि डीसी कॉमिक्समधली १९८६ ची धिप्पाड सरकारी अधिकारी अमांडा वॉलर २०११ मध्ये सडपातळ तरुणी होऊन बसली.

– एक वाचक