चट्टा दिसला तेव्हाच तपासायला पाहिजे होतं

मा. संपादक,
माझ्या मोठ्या बाबांच्या कोपराजवळ फिकट चट्टा होता, खाज नाही, दुखणं नाही, म्हणून दोन वर्षं गजकर्णाचं मलम चोळत राहिले, डॉक्टरनेही तेच दिलं, चट्टा बधिर आहे का हे कोणी पेनाने टोचून पण बघितलं नाही. मग चुलीवरचा गंज (पातेलं) उतरवताना हात भाजला अन् त्यांना कळलंच नाही! तेव्हा कुष्ठरोग निघाला. एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या, १२ महिने फुकट मिळाली, रोग बरा झाला, पण करंगळी अन् बाजूचं बोट वाकडं ते वाकडंच, कापूस वेचता येत नाही आता. गोळ्या जंतू मारतात, मेलेली नस, म्हणजे मज्जातंतू, जिवंत करत नाहीत. नस नुकतीच सुजली असताना स्टेरॉइड मिळालं तर बरेचदा ताकद परत येते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

२००५ मध्ये देशात कुष्ठरोगाचं निर्मूलन जाहीर झालं, म्हणजे दहा हजारात एकाहून कमी पेशंट, लोकांना वाटलं रोगच संपला. १९४९ पासून आनंदवन आमच्या वरोऱ्यात आहे, तरी माणसं चट्टा सदऱ्याखाली लपवतात, याचं फार वाईट वाटतं.

आरोग्य खात्याला कळकळीची विनंती, कापसाच्या दिवसात तपासणी सकाळी ठेवू नका, सगळे वावरात असतात, संध्याकाळी या.

– एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर