उसण, शेक आणि नंतरची दहा मिनिटं

पुणे
१४ डिसेंबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पाठीत उसण भरली आहे आणि तू बाम चोळून त्यावर गरम पाण्याच्या पिशवीने शेकतोस, असं लिहिलंस. सगळ्यात आधी तो बाम पुसून टाक. साबण लावून पाठ धू, कोरडी कर आणि मग पुढचं वाच. बाम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवायची ही आपल्याकडची फार जुनी खोड. बामात मिथाइल सॅलिसिलेट आणि मेंथॉल असतं. उष्णतेने ते त्वचेत नेहमीपेक्षा जास्त आणि भराभर शिरतं, आणि मेंथॉलच्या गार भासामुळे कातडी भाजतेय हे उशिरा कळतं. फोड येतात ते असे. एक तर बाम लाव, नाहीतर शेक घे.

आता तुझं गाऱ्हाणं. 'शेकताना स्वर्ग, उठलो की परत तेच.' त्यावर तू काढलेला उपाय म्हणजे पाणी आणखी उकळतं घेणं. तिथेच गाडी चुकते आहे.

शांत बसलेल्या माणसाची त्वचा साधारण ३२-३३ अंश सेल्सिअस असते, आतले स्नायू ३५-३६ च्या आसपास. स्नायूवर खरा परिणाम हवा तर तो ४० च्या पुढे न्यावा लागतो, आणि ४५ ओलांडले की पेशींतली प्रथिनं बिघडू लागतात. म्हणजे हातात असलेला पट्टा जेमतेम पाच अंशांचा. आता पिशवी किती आत पोचते ते बघ. वीस मिनिटं व्यवस्थित शेक दिला तर त्वचेखाली एक सेंटिमीटरवर तीनेक अंशांची वाढ होते आणि तीन सेंटिमीटरवर फार तर एका अंशाची. मधला चरबीचा थर उष्णता नीट वाहू देत नाही, आणि त्वचा तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावून जादा रक्त आणतात, ते रक्त आलेली उष्णता घेऊन निघून जातं. शरीर स्वतःच तुझा शेक बाहेर काढून टाकत असतं. कण्याला लगटून असलेले खोलवरचे स्नायू तर त्वचा, चरबी आणि जाड पडद्याच्या खाली असतात. 'हाडापर्यंत शेक पोचला' असं वाटतं, प्रत्यक्षात तो वरवरच राहतो.

मग बरं का वाटतं? मुख्यतः मज्जातंतूंमुळे. कातडीतून येणारा उबेचा संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला वाट अडवतो. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली 'गेट कंट्रोल'ची कल्पना ती हीच. शिवाय त्वचा ऊबदार झाली की स्नायूतल्या ताण मोजणाऱ्या मसल स्पिंडलची कुरबुर कमी होते आणि आखडलेला स्नायू थोडी पकड सोडतो. मात्र त्वचा ४३ अंशांच्या पुढे गेली की मज्जातंतूंच्या टोकांवरचं टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिनाचं दार उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उघडतं, म्हणून तिखट 'भाजतं'. हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. ते उघडलं की मेंदूला 'भाजतंय' असा निरोप जातो, अंग आक्रसतं आणि सुटत आलेला स्नायू पुन्हा आवळतो. तेव्हा उकळत्या पाण्याने तू उलटंच काम करतो आहेस.

पाणी असं घे. एक भांडं उकळतं, तेवढंच नळाचं. थंडीत नळाचं पाणी वीसेक अंश धरलं तर मिश्रण साठच्या आसपास येतं. आधी गार पाणी पिशवीत, मग गरम. उकळतं थेट ओतलं की रबर लवकर कडक होऊन चिरतं. पिशवी दोन तृतीयांशच भर, टेबलावर आडवी धरून वरची हवा दाबून काढ, पाणी तोंडाशी दिसलं की बूच फिरव. हवा राहिली तर पिशवी फुगते, पाठीला नीट टेकत नाही. पूर्ण भरली तर दगडासारखी होते. बूच लावून उलटी करून एकदा झटक, गळती तिथेच कळेल. भोवती टर्किश टॉवेलच्या दोन घड्या. दोन-तीन मिनिटांत 'छान ऊब' वाटली पाहिजे. चटका वाटला तर घडी वाढव, नुसतं सहन करू नकोस.

आणि पिशवीवर पाठ टेकून झोपू नकोस. वजनाने टॉवेल दाबला जातो, त्वचेतलं रक्त वाहायला जागा राहत नाही, उष्णता साचते. पिशवी फुटायची भीती वेगळीच. पालथा झोप, पोटाखाली पातळ उशी घे आणि पिशवी वर ठेवायला सांग. पंधरा ते वीस मिनिटं पुरे. दिवसातून तीन वेळा चालेल, मधे दोन तास तरी जाऊ देत.

मिठाची पुरचुंडी हवीच असेल तर जाडं मीठ, दुहेरी सुती कापड, आणि पुरचुंडी एका जागी न ठेवता फिरवत राहायची. कढईतलं मीठ किती तापलं याचा अंदाजच येत नाही, म्हणून आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून बघ. पॉलिस्टरचं कापड वितळून कातडीला चिकटतं.

आता खरी गोष्ट. शेकाने स्नायू दुरुस्त होत नाही. वेदना कमी झालेली, पकड सैल पडलेली अशी थोडी वेळ मिळते, आणि तू ती रजईत पडून घालवतोस. पिशवी काढल्यावर दहा मिनिटांत हे कर. उताणा झोप, गुडघे वाकव, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढून तीस सेकंद धर, मग दुसरा; प्रत्येकी तीनदा. मग दोन्ही गुडघे जोडून हळू डावीकडे-उजवीकडे झुकव, दहा वेळा. मग हातापायांवर ये, पाठ वर फुगव, खाली सोड, दहा वेळा. ताण वाटला पाहिजे, कळ नको. कळ पायात उतरली तर तो व्यायाम तिथेच सोड. शेवटी घरातल्या घरात पाच मिनिटं चाल. चालण्यात स्नायू आतून तापतो, आणि ती उष्णता कुठल्याही पिशवीपेक्षा खोल असते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचे ट्रॅक सायकलपटू वॉर्म-अप आणि शर्यतीच्या मधल्या वेळात बॅटरीवर तापणाऱ्या पँट घालून बसत. व्यायामाने कमावलेली ऊब बसल्याबसल्या निघून जाऊ नये एवढाच हेतू. ऊब आधी स्नायूच्या कामातून येते, पँट ती फक्त राखते.

उसणेसाठी शेक हा काही नुसता आजीबाईचा बटवा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ मध्ये कंबरदुखीच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी औषधाच्या आधी सुचवलेल्या उपायांत वरवरचा शेक आहे.

पण मुका मार, मुरगळणं किंवा पोटरीचा स्नायू तुटल्यासारखं झालं तर पहिले दोन-तीन दिवस शेक नको. तेव्हा आत रक्त पाझरत असतं, शेकाने ते वाढतं, सूजही वाढते. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखली आणि गरम लागली तर शेकायचं नाही आणि चोळायचं तर अजिबात नाही. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

काकूंच्या पायांना शेक द्यावा का, असं विचारलंस. त्यांना मधुमेह किती वर्षं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून माझं उत्तर आत्ता तरी नाही. आधी दोन स्टीलच्या वाट्या घे, एकीत कोमट (चाळीस अंश, म्हणजे अंघोळीला घेतो तेवढं), दुसरीत माठाचं पाणी. डोळे मिटायला सांगून वाट्या पावलाला, मग पोटरीला उलटसुलट लाव. कुठली गरम, कुठली गार हे प्रत्येक वेळी नीट सांगता आलं नाही तर त्या पायाला शेक कधीच नाही. ज्याला चटका कळत नाही, त्याच्या पायाला साठ अंशांची पिशवी मोठी जखम करते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. सांगता आलं तरी पिशवी नको, टॉवेल कोमट पाण्यात पिळून पाच मिनिटं, आणि तुझा हात आधी लावून.

रोज एकाच जागी शेकणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. शेकोटीशी बसणाऱ्यांच्या नडग्यांवर दिसतात तेच. असं काही दिसू लागलं तर शेक थांबव.

दवाखान्यातल्या डायथर्मीचं विचारलं आहेस. ती २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनी खोलवर तापवते, म्हणून तिचा विचार करता येईल, पण शरीरात पेसमेकर असलेल्याला ती नाही आणि उपचाराच्या भागात धातूची पट्टी असेल तरी नाही. तुझ्या काकांना सोबत नेणार असशील आणि त्यांना यातलं काही असेल, तर तिथे आधी सांग.

आणि एक, हे कुठल्याही शेकाच्या आधी. लघवी अडली, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर पिशवी भरत बसू नकोस. थेट रुग्णालयात जा, रात्रीची वेळ असली तरी. तसं काही नसेल तर आठ दिवस वर सांगितलं तसं कर आणि मग मला कळव, विशेषतः कळ कुठवर उतरते ते.

काकूंना नमस्कार, चिमण्यांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक