ताट लहान झालं तरी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"आता वय झालं, भूक लागते कुठे?" हे तुम्ही फोनवर सांगता तेव्हा त्यात थोडा अभिमानही असतो. मिताहाराचं कौतुक चाळिशीत ठीक होतं. सत्तरीच्या आसपास हिशेब बदलतो. वयाबरोबर शरीराला कॅलरी कमी लागतात हे खरं, पण प्रथिनं, कॅल्शियम, बी१२ आणि ड जीवनसत्त्व यांची गरज घटत नाही, काहींची तर वाढते. आणि ताट लहान होतं तेव्हा त्यातून आधी काय जातं, तर चावायला जड आणि शिजवायला किचकट असलेलं सगळं. उरतात चहा, बिस्किटं आणि पातळ डाळ.

आधी प्रथिनांचं बघू, कारण सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच आहे. निरोगी प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं धरतात. पासष्टीपुढे मात्र १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात. आई, तुझं वजन ५४ किलो, म्हणजे तुला साधारण ५४ ते ६५ ग्रॅम हवीत. बाबा, तुमचं ६८ किलो, तुम्हाला ६८ ते ८२. आता तुमच्या दिवसाची बेरीज करते. सकाळी चहा आणि दोन-तीन बिस्किटं, म्हणजे जेमतेम २-३ ग्रॅम. दुपारी एक वाटी डाळ ७, धान्यातून ६, थोडं दही ३. रात्री अर्धी वाटी डाळ आणि थोडं धान्य मिळून ७-८. सगळं मिळून २५-२७ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. पोट भरतं, म्हणून हे लक्षातच येत नाही.

एकाच जेवणात सगळी भर घालूनही भागत नाही. उतारवयात स्नायू प्रथिनांना आळसावून प्रतिसाद देतात. थोड्या प्रथिनांनी तरुण स्नायूंची बांधणी सुरू होते, तुमच्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी एका वेळी २०-२५ ग्रॅम लागतात. म्हणून मला सर्वात आधी बदलायचा आहे तो सकाळचा चहा-बिस्किटांचा नाश्ता. दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि मोठा पेलाभर दूध (८ ग्रॅम) घेतलं की वीस झाले. अंडं नको असेल त्या दिवशी ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम), दूध आणि मूठभर शेंगदाणे. रात्रीची डाळ पातळ करू नका. वाटीत कोरडी डाळ किती गेली यावर प्रथिनं ठरतात, पाण्यावर नाही. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम असतात, मग ती घट्ट शिजवा की पातळ; पातळ केली की एका वाटीत कोरडी डाळच कमी येते. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५ ग्रॅम मिळतात, शाकाहारात इतकं दुसरं फारसं कशात नाही. शेंगदाणे चावत नसतील तर कूट करा. कवळी सैल झाली म्हणून जेवण मऊ होत जातं, ते मऊ होता होता पिष्टमय होतं आणि मग स्नायू झिजतात. कवळी नीट बसवून घेणं हाही आहाराचाच भाग धरा.

एक अपवाद: बाबा, तुमच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर हे आकडे तुम्हाला लागू नाहीत. किडनी कमजोर असताना प्रथिनं किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

नुसत्या खाण्याने स्नायू टिकत नाहीत, त्यांना कामही लागतं. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ लावा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली आहे असं समजा. गंमत म्हणजे हीच चाचणी व्यायामही आहे. रोज दहा वेळा, दोनदा. भिंतीला टेकलेली भक्कम खुर्ची घ्या, चाकांची नको. चालणं हृदयाला उत्तम, पण मांडीच्या स्नायूंना तेवढं पुरत नाही. आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे आई, तुझं पावणेतीन किलो, तर "बरं झालं, हलकं वाटतंय" म्हणू नकोस. ते डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे.

आता गोळ्या. कोणती गोळी कशाबरोबर घेतली जाते, यावर बरंच काही अडतं. आई, थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. एकत्र घेतल्या तर थायरॉईडचं औषध आतड्यात अडकतं, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं दिसतं आणि उगाच डोस वाढवला जातो. दोष डोसचा नसतो, वेळेचा असतो. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबरच घे, कारण ते शोषायला जठरातलं आम्ल लागतं, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तुझ्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पण ते अन्न धरून. दूध-दह्यातून निम्मं येत असेल तर गोळीतून फक्त उरलेलं घ्यायचं. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते.

बी१२ जरा नीट वाचा. अन्नातलं बी१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटायला आम्ल लागतं. वय वाढलं की अनेकांच्या जठरात आम्ल कमी होतं. त्यात आई, तू ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेते आहेस आणि बाबा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, दोन्हींमुळे बी१२ आणखी घटतं. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं "वयामुळे" म्हणून खपून जातात, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. गोळीतलं बी१२ सुटंच असल्यामुळे आम्ल कमी असलं तरी शोषलं जातं. बी१२ न तपासता नुसती फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात.

ड जीवनसत्त्वाची आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी ठरावीक आठवड्यांसाठीच असते. चिठ्ठी संपली की थांबायचं. आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मग बद्धकोष्ठ, सतत तहान, गोंधळल्यासारखं होणं, आणि शेवटी किडनीला इजा. सत्तरीपुढे रोजची गरज ८०० युनिट आहे, तेवढ्याने बहुतेकांचं भागतं.

बाबा, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात बिस्किटं, लोणची आणि पाकिटातलं सगळं आलं. पण म्हणून "कमी सोडियमचं" मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधं शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. दोन्ही जमलं, त्यात किडनी थोडी मंद असली, की हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

पाणी तहान लागण्याची वाट न बघता प्या, कारण उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते. हृदयासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तो आकडा पाळा. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर कमी पिऊ नका. दिवसाचा कोटा संध्याकाळी सहापर्यंत संपवा. रात्री उठलात तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने खाली येत असेल तर चक्कर त्याने येत असू शकते. घरच्या मशीनवर आधी आडवं होऊन, मग उभं राहून मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा.

पुढच्या तपासणीला रिपोर्टच्या फाईलबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या, शेजारच्यांनी सुचवलेल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. डॉक्टरांना बी१२, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि टीएसएच तपासायला सांगा, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लशींचंही विचारा. तोवर उद्याच्या नाश्त्यापासून सुरुवात करा. काय खाल्लं ते मला कळवा, बेरीज मी करते.

तुमची लेक