क्लेअरवोयाबाईंचे आभार

मादाम क्लेअरवोया यांस,
स. न. वि. वि.

भुताला पत्र लिहायचं तर पत्ता काय घालायचा, हा प्रश्न तुमच्या बाबतीत पडत नाही. लुइजीची हवेली, भविष्य सांगायची खोली, काचेच्या गोळ्यापाशी. सप्टेंबर २००१ मध्ये निन्टेंडोचा गेमक्यूब हा गेम खेळायचा संच जपानात विक्रीला आला, त्याच दिवशी ‘लुइजीज मॅन्शन’ हा व्हिडिओ गेमही आला आणि तेव्हापासून तुम्ही तिथेच बसून आहात. आमच्या घरात तुमचं येणं झालं ते बऱ्याच उशिरा, थ्रीडीएस या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी २०१८ मध्ये निघालेल्या आवृत्तीतून. एवढ्याशा पडद्यात तुम्हाला जरा अंग चोरून बसावं लागलं असेल, पण आमच्याकडे तेवढंच यंत्र होतं.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, तेव्हा ज्यांना तुमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लुइजी म्हणजे मारिओचा धाकटा भाऊ. उंच, हिरव्या टोपीचा आणि पक्का भित्रा. ज्या स्पर्धेत भागच घेतला नव्हता तिच्यात त्याला एक हवेली बक्षीस लागते. (इथेच संशय यायला हवा होता. आमच्याकडे असे मेसेज रोज येतात.) मारिओ पुढे जातो आणि गायब होतो. मग ई. गॅड नावाचे एक म्हातारे प्राध्यापक लुइजीच्या पाठीवर भुतं ओढायचा व्हॅक्यूम क्लीनर बांधतात आणि त्याला आत ढकलतात. त्या हवेलीतली नावागावाची भुतं मुळात तसबिरींमध्ये कोंडलेली होती, ती सुटून बाहेर आली आहेत. एकेकाला धरायचं आणि परत तसबिरीत घालायचं, हे लुइजीचं काम. बाई त्यांच्यातल्याच एक.

आता तुमची मदत काय झाली ते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला येते. आमचं घर जुनं, बाथरूम पॅसेजच्या टोकाला आणि पॅसेजचा दिवा लावायचं बटण त्या टोकाला. हे बटण तिथे कुणी आणि का बसवलं, याचं उत्तर आमच्या घराण्यात कुणाकडे नाही. पोर आठ वर्षांची. अंधार पडला की पाणी प्यायचीच बंद व्हायची, म्हणजे नंतर जायला नको. तिच्या आजीने रामरक्षा म्हणायला सांगितली, मी सोबत चालत गेलो, बाहेर उभं राहून बडबडत राहिलो. त्याने काम भागायचं, भीती तशीच राहायची. अशा मुलीच्या हातात भुतांचा गेम देऊ नये, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं. पण थ्रीडीएस तिच्या हाती लागला तो माझ्या नकळत, आणि मला कळलं तेव्हा ती तुमच्यापर्यंत पोचली होती.

त्याआधी ती वाचनवेड्या नेव्हिलला भेटली होती. तो खुर्चीत पुस्तक वाचत बसलेला असतो आणि जांभई देतो तेवढ्याच क्षणी त्याचं काळीज दिसतं. तेव्हा त्याच्यावर टॉर्च मारायचा. आरशापुढे केस विंचरणारी लिडिया झाली. पाळण्यातलं चॉन्सी नावाचं आडदांड बाळ झालं. बाळ पाहून ती रडली, पण तिने गेम सोडला नाही. हे सगळे एक तर लुइजीकडे ढुंकून पाहत नाहीत किंवा अंगावर येतात. तुम्ही मात्र त्याला बोलावून घेता. मारिओच्या वस्तू घरात कुठे कुठे पडल्या आहेत, सापडतील तशा घेऊन ये, गोळ्यात पाहून सांगते, म्हणता. टोपी, बूट, हातमोजा, एक पत्र आणि एक तारा. अशा पाच वस्तू.

खरं सांगू का, तुमचं भविष्य तसं काही फार कामाचं नाही. गोळ्यात काहीतरी तुकडे दिसतात, तुम्ही स्वतःच दचकता आणि मारिओ नेमका कुठे आहे ते काही सांगत नाही. मोठ्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर गेम बनवणाऱ्यांनी कथेचे धागे थोडे थोडे सोडायला तुम्हाला तिथे बसवलंय, हे लक्षात येतं. पण भाचीच्या नजरेने पाहिल्यावर वेगळंच दिसलं. त्या अख्ख्या हवेलीत एक खोली अशी होती जिथे मुद्दाम परत जावंसं वाटायचं. वस्तू सापडली की बाकी सगळं टाकून ती लुइजीला तुमच्याकडे पळवायची. मी विचारायचो, ‘काय म्हणाल्या बाई?’ ती सांगायची, ‘अजून नीट दिसत नाहीये त्यांना.’ आणि तरी ती खूश असायची.

आमच्या गोष्टींमध्ये अशी भुतं फारशी नाहीत. मुंज्याला सोडमुंज न झाल्याचं दुःख असतं, खवीस कुस्ती मागतो, हडळ तर काय विचारूच नका. सगळ्यांना माणसाकडून काहीतरी हवं असतं. तुम्हाला लुइजीकडून काय हवं होतं, हे मी बराच विचार करूनही मला सापडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या खोलीतली नाही पण तुमच्यामुळे आमच्या घरात आली. अंधाऱ्या खोल्यांमधून चालताना लुइजी गेमच्याच पार्श्वसंगीतावर थरथरत्या आवाजात गुणगुणत असतो. खोलीतली भुतं संपली की दिवे लागतात आणि मग तीच चाल तो मजेत शीळ घालत म्हणतो. शिवाय बटण दाबलं की तो ‘मारिओ?’ अशी हाक मारतो. जीव कमी होत आला की ती हाकही कापरी होते. ही सगळी वाट तो तुमच्याकडे वस्तू आणायला तुडवत असतो. एका रात्री पॅसेजमधून तेच गुणगुणणं ऐकू आलं. थरथरतं, बेसूर, मध्येच ‘मामाऽ?’ अशी हाक. मी आतूनच ‘ओ’ दिली. मग बटणाचा खट्‌ आवाज आला आणि त्यानंतर शीळ घालायचा प्रयत्न. शीळ तिला येत नाही, नुसती हवा येते. सोबत कुणी गेलं नव्हतं. तिच्या आईने नंतर फोनवर विचारलं की तुम्ही काय केलंत. आता तिला काय सांगणार, एका भविष्यवाल्या भुताने केलं म्हणून?

तेव्हा बाई, पहिले आभार या पॅसेजचे.

दुसरे आभार शेवटाचे. पाचवी वस्तू पाहून झाल्यावर तुम्ही स्वतःच लुइजीला सांगता की आता मला माझ्या तसबिरीत परत घाल. बाकीच्यांचं काळीज दिसायला युक्त्या कराव्या लागतात, तुम्ही आपणहून दाखवता. भाचीने तो मजकूर माझ्याकडून वाचून घेतला, मग पुन्हा वाचायला लावला. ‘पण यांनी तर मदत केली,’ ती म्हणाली. ‘यांना कशाला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मला तर वाटतं तिथे एक पर्याय असायला हवा होता, राहू द्या म्हणायचा. पण प्राध्यापक ई. गॅड हे संग्राहक माणूस. त्यांच्या चित्रदालनात भिंतीवर जागा रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नाही आणि मदतनीस असो की खलनायक, त्यांना सगळे सारखे. ही गोष्ट मला त्यांच्यात कधीच आवडली नाही.

ती बराच वेळ हातात यंत्र धरून बसली. तुम्ही ताटकळत समोर. मग तिने तुमची क्षमा मागितली, मोठ्याने, आणि व्हॅक्यूम सुरू केला. तुमच्यात उरलेल्या जिवाचा आकडा शंभरावरून उतरायला लागला. मध्येच तिने बटण सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. ‘दुखत असेल ना,’ म्हणाली.

आता ज्यांना हा गेम ठाऊक आहे ते सांगतील की असं करायचं नसतं. भूत एका दमात जितकं जास्त ओढाल तितकी तसबिरीची चौकट भारी मिळते. चांगलं ओढलं तर सोनेरी, नाहीतर रुपेरी, नाहीतर कांस्याची. तुमची कांस्याची निघाली. भिंतीवर नेव्हिल रुपेरी, चॉन्सी सोनेरी (त्या बाळावर तिने जराही दया दाखवली नव्हती) आणि सगळ्यांत उपयोगी पडलेल्या बाई सगळ्यांत स्वस्त चौकटीत. मला ते बघवेना. या आवृत्तीत दालनात जाऊन त्याच भुताशी पुन्हा झटापट करता येते आणि चौकट सुधारता येते, हे मी तिला समजावून सांगितलं.

ती म्हणाली, ‘राहू दे. बाईंना परत परत ओढायचं नाही.’

तर चौकटीचं तेवढं सांभाळून घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एका भाचीचा मामा